बारा चोक अठ्ठेचाळीस

आमच्या घरात आठवडा आणि महिना यांची एकमेकांशी ओळख नव्हती. दोघं एकाच छपराखाली नांदत होते, पण भांडून वेगळ्या चुली मांडलेल्या जावांसारखे. आठवडा म्हणजे बाजार. गंगाखेडचा बाजार भरला की एक आठवडा संपला. "तीन बाजार झाले, तुझा खोकला जाईना," असं आई म्हणायची. महिना म्हणजे अमावास्या ते अमावास्या. त्याचा बाजाराशी काही संबंध नव्हता. एका महिन्यात बाजार किती बसतात, हा प्रश्न आमच्या घरात कुणालाच कधी पडला नाही. पडायचं कारणच नव्हतं. बाजाराला मीठमिरची लागायची आणि अमावास्येला नारळ. दोन्ही आपापल्या वेळेवर येत होतं.

तिसरा हिसाब वडिलांचा. वडील जुन्या राज्यात तहसील कचेरीत अहलकार होते, म्हणजे कारकून. त्या राज्याचे महिने वेगळेच. आजूर, दै, बहमन, इस्फंदार असे ते चालायचे आणि साल फसली. राज्य गेलं, कचेरीत जानेवारी-फेब्रुवारी आले आणि आमच्या वडिलांचे सुगीचे दिवस सुरू झाले. कारण शाळेत पोराचं नाव घालायचं तर इंग्रजी जन्मतारीख लागायची, आणि लोकांना आठवायचं ते भलतंच. "फरवर्दीत झालं बघा, ज्वारी काढायला गेलो होतो तवा." मग वडील पायजम्याची नाडी सावरत ओट्यावर बसायचे, डोळे मिटायचे, फसली सालात पाचशे नव्वद मिळवायचे, महिना उलटा-सुलटा करायचे आणि तारीख सांगायचे. इतक्या ठासून सांगायचे की त्या पोराच्या आईलासुद्धा वाटायचं, हो की, आपण त्याच दिवशी बाळंत झालो होतो. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं वडिलांनी ठरवलेल्या तारखेला जन्मली. त्यातला एक पुढे मोठा अधिकारी झाला आणि अजून चुकीच्या दिवशी पेढे वाटतो.

तर घरात काळाचा जो काही व्यवहार होता, त्यात वडिलांचा शब्द शेवटचा होता.

मी तेव्हा सातवीत होते. गणितात माझी गती इतकी अफाट होती की आजही कुकरच्या शिट्ट्या मोजताना मी दुसरीनंतर हरवते आणि भाताची पेज करते. घरातले सगळे मला गोष्टी सांगायला लावतात. लग्नकार्यात माझ्याभोवती घोळका जमतो, मी वडिलांच्या नकला करते आणि लोक हसून लोळतात. ही गोष्ट मात्र मला कुणी सांग म्हणत नाही. मीही सांगत नव्हते.

माझा भाऊ माझ्यापेक्षा बराच मोठा. लग्न होऊन त्याला दोन वर्षं झाली होती. तो औरंगाबादला एका कचेरीत लागला होता आणि तिथं आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहत होता, त्यामुळे वहिनी आमच्याकडे. वहिनी जिंतूरची. उंच, सावळी, कमी बोलणारी. ती बोलायची ती माझ्याशी, आणि तेही विहिरीवर. घरात ती वडिलांसमोर यायचीसुद्धा नाही. दाराआडून ताट सरकवायची.

भाऊ सणावारालाच यायचा. त्या वर्षी संक्रांतीला येऊन गेला आणि मग एकदम अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या अखजीला, आला, चार दिवस राहिला. शिमग्याला त्याला रजा मिळाली नव्हती. हे मी मुद्दाम सांगते आहे, कारण पुढचं सगळं ह्यावर अडलं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना होता. दोन श्रावण. आमच्या आईचा एक नियम होता आणि तो तिला तिच्या सासूनं घालून दिला होता. धोंड्याचा महिना कशातच धरायचा नाही. तो दानाचा, जावयाला जेवू घालायचा, बाकी हिसाबात नाही. माझ्या मोठ्या बहिणीचं लग्न होऊन किती महिने झाले, हे सांगताना आई धोंड्याचा महिना वगळायची. म्हशीला दिवस किती गेले, हेही तसंच. म्हैस अर्थातच आईचं ऐकायची नाही आणि आपल्या वेळेला व्यायची. मग आई म्हणायची, "अवसेच्या आधीच व्याली गं बाई." ही म्हैस दर तीन वर्षांनी एकदा आधीच व्यायची, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

आषाढात कळलं की वहिनीला दिवस राहिले. आई खूश झाली. खूश म्हणजे, तिनं वहिनीचं पाणी शेंदणं बंद करून ते काम मला दिलं. सगळं व्यवस्थित चाललं होतं. सातव्या महिन्यात ओटी भरायची, मग माहेरचे येऊन वहिनीला जिंतूरला बाळंतपणाला घेऊन जातील, असा सरळ बेत होता. आईनं हिरवं लुगडं आणि खणही आणून ठेवला होता.

दसऱ्याच्या सुमाराला वहिनीचे पाय सुजले. गावात नुकताच सरकारी दवाखाना मोठा झाला होता आणि त्यात पुण्याकडची एक नर्सबाई आली होती. पांढरं पातळ, मनगटावर घड्याळ, आणि बोलणं असं स्वच्छ की आई तिच्याशी बोलताना आपोआप डोक्यावर पदर घ्यायची. आई, वहिनी आणि मी दवाखान्यात गेलो. नर्सबाईनं वहिनीला पडद्याआड नेलं. आम्ही दोघी बाकावर बसलो. आत काय विचारलं, काय सांगितलं ते आम्हाला ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं नर्सबाई हात पुसत बाहेर आली.

"काळजी करू नका हं. मीठ कमी द्या. अठ्ठावीस आठवडे झालेत, बाळ छान आहे."

"अठ्ठावीस बाजार?" आई म्हणाली.

"आठवडे," नर्सबाई हसली आणि पुढच्या बाईकडे वळली.

हा आकडा आईनं घरी नेला. रस्त्यानं ती तो पुटपुटत होती, विसरू नये म्हणून. मला त्याचं ओझं वाटलं नाही, वहिनीलाही नाही. ती मजेत होती. तिनं माझ्याकडून देवळापाशी बोरं मागवून घेतली आणि चालता चालता खाल्ली. ऑक्टोबरात बोरं कच्ची असतात, पण डोहाळ्याला चालतात.

वडील ओट्यावर होते. आईनं आकडा सांगितला. वडिलांनी डोळे मिटले. फसलीची सवय. मग मला हाक मारली, कारण शाळेत शिकणाऱ्या पोरीला घरात उगाच कुणी खाऊ घालत नाही.

"अठ्ठावीस भागिले चार?"

"सात," मी म्हणाले.

आयुष्यात मी पटकन आणि बरोबर सोडवलेलं ते एकमेव गणित.

"सात महिने," वडील म्हणाले. आणि मग त्यांचे डोळे उघडले. त्यांनी बोटं मोजली. एप्रिलात तो आला. मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. त्यांनी परत मोजली. मग आईकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "तू आत जा."

मी आत गेले, म्हणजे दाराच्या फळीमागे गेले. तिथं वहिनी आधीच उभी होती.

"सहा होतात," वडील म्हणाले. "आणि बाई सात म्हणायलीय."

"सहा कुठलं हो?" आई म्हणाली. "पाच. वैशाखातून जेष्ठ एक, आखाड दोन, श्रावण तीन, भादवा चार, आश्विन पाच."

"श्रावण दोन झाले की."

"धोंड्याचा कुठं धरत असतेत का?"

"मी इंग्रजी मोजायलोय."

"तुमच्या इंग्रजीला काय कळायलंय? पाच म्हंजे पाच. मग दोन महिन्याचा फरक पडायलाय की हो हा!"

"एक महिन्याचा."

"दोन!"

आजही ते आठवलं की मला हसू येतं, आणि हसू आलं की स्वतःची लाज वाटते. माझे आईवडील त्या संध्याकाळी वहिनीच्या पापाचं माप काढत बसले होते. पाप आहे, यावर दोघांचं एकमत होतं. भांडण होतं ते एक महिन्याचं की दोन महिन्यांचं यावर. वडिलांना आपला इंग्रजी हिसाब खोटा ठरलेला चालणार नव्हता आणि आईला आपल्या सासूचा नियम. तिसरी एक गोष्ट होती, सगळाच भागाकार चुकला असेल ही, तिच्या वाटेला कुणी गेलंच नाही. नर्सबाई शिकलेली, तिचा आकडा सरकारी. आणि सरकारी आकड्याला भागायचं काम वडिलांनी केलेलं.

आईसारखा धोंड्याचा वगळून आश्विनातून सात महिने मागं गेलं की फाल्गुन येतो. शिमगा. आणि शिमग्याला भाऊ नव्हता.

वहिनीनं माझा हात धरला होता. तो तिनं सोडला आणि सरळ बाहेर गेली. वडिलांसमोर ती पहिल्यांदाच अशी उभी राहिली. पण बोलली ती आईशी.

"आत्याबाई, हनुमान जयंतीनंतरच्या बाजारी मी बाजूला बसले होते. तुमीच मला पाणी काढून दिलं. आठवा."

इथं थोडं सांगायला हवं. आमच्या घरात पाळी आलेली बाई चार दिवस मागच्या पडवीत बसायची. तिचं पांघरूण वेगळं, तांब्या वेगळा. कोण कधी बसलं हे घरातल्या पोरासोरांना, शेजाऱ्यांना, एवढंच काय, दूध घालायला येणाऱ्याला ठाऊक असायचं. कारण त्या दिवसांत ती बाई भांडं पुढं करायची नाही, लांबून सरकवायची. बाईच्या अंगाचा इतका उघडा हिसाब दुसऱ्या कुठल्या घरात ठेवत असतील असं मला वाटत नाही. चैत्रात वहिनी बाजूला बसली होती. मी तिच्या अंगावरून दोरीउड्या मारत गेले होते आणि आईनं मला डोक्यावरून आंघोळ घातली होती. शिमग्यात दिवस राहिलेली बाई चैत्रात बाजूला कशाला बसेल?

आईला आठवलं होतं. तिच्या तोंडावर दिसलं मला ते. तिनं वडिलांकडे बघितलं. वडील आकाशाकडे बघत होते, कारण सुनेच्या तोंडून असलं काही ऐकणं त्यांच्या अब्रूत बसत नव्हतं.

"कधी कधी तसं बी होतं म्हणतेत," आई म्हणाली. "दिवस राहिल्यावर बी."

"आत्याबाई, माझं मला कळत नसंल का?"

"आकडा काय खोटं बोलंल होय?"

वहिनी वळली. आत आली आणि चुलीपाशी बसून भाकरी थापायला लागली. त्या दिवशीच्या भाकऱ्या इतक्या गोल होत्या की मला भीती वाटली.

पुढचे काही दिवस आईवडिलांनी माणूस शोधण्यात घालवले. तेही त्यांना धड जमेना. शिमग्याला आमच्या घरी येऊन गेलेला परका पुरुष म्हणजे देवळातला गुरव. वय सत्तरीच्या पुढचं, एका डोळ्यात फूल पडलेलं, आणि आला होता तो होळीला गोवऱ्या मागायला. आईनं त्याचं नाव काढलं तेव्हा वडीलसुद्धा म्हणाले, "काहीतरीच काय बोलायलीस!" पण माणूस सापडला नाही म्हणून आकडा काही बदलला नाही. उलट वडील म्हणाले, "सापडत न्हाई ह्यातच आलं सगळं."

दिवाळीच्या आधी वडील वहिनीला जिंतूरला पोचवून आले. गल्लीत कुणाला काही वाटलं नाही. सातवा महिना, सून माहेरी चालली, सगळं रीतीप्रमाणे. फक्त ओटी भरली नाही. आईनं ते हिरवं लुगडं पेटीतून काढलंच नाही. वहिनी निघताना उंबऱ्यात क्षणभर थांबली, पदर सारखा करायच्या निमित्तानं. आई देवघरात काहीतरी शोधत राहिली. मग वडील म्हणाले, "मोटार जाईल," आणि ती निघाली.

रिकाम्या ओटीनं सातव्यात आलेली लेक बघितल्यावर जिंतूरच्या माणसांना काही विचारायची गरज पडली नसणार. वडिलांनी तिथं चहासुद्धा घेतला नाही. परत आले ते थकून. म्हणाले, "व्याही काही बोलले न्हाईत. विचारलं बी न्हाई." आणि मग जरा वेळानं, "म्हंजे त्यांना बी ठाऊक असणार."

दिवाळीला भाऊ आला. बायको नाही म्हटल्यावर त्याला वाटलं, रीतीनं गेली. लाडू खाल्ले, मला फुलबाज्या दिल्या. पाडव्याच्या दिवशी वडिलांनी त्याला नदीवर, म्हणजे आमच्या गंगेवर, फिरायला नेलं. परत आले तेव्हा भावाचा चेहरा धुतलेल्या पाटीसारखा होता. मला वाटलं होतं, तो आता जिंतूरची मोटार पकडेल. भांडेल तरी. निदान वडिलांना विचारेल तरी. तो माजघरात येऊन बसला.

आई म्हणाली, "तू काय म्हणतूस?"

"मी काय म्हणू? नर्स शिकलेली हाय."

"तू अखजीला आला होतास, तवा..."

"आई, नको ना आता."

आणि तो औरंगाबादला निघून गेला. जाताना जिंतूरच्या बाजूला त्यानं पाहिलंसुद्धा नाही.

कार्तिकात मला गळू झालं. मांडीवर, बसायला येईना. आई मला घेऊन दवाखान्यात गेली. नर्सबाईनं मला पालथं पाडलं, गळू फोडलं, मी अख्खा दवाखाना डोक्यावर घेतला. हात धुता धुता ती आईला म्हणाली, "आणि तुमची सूनबाई? पायांची सूज उतरली ना? अजून सहा आठवडे आहेत तिला."

"सहा?" आई म्हणाली. "बाई, आमच्या हिसाबानं तर ह्या अवसेला व्हायला पायजे."

"छे हो. चाळीस आठवडे पुरे व्हायचेत की."

"चाळीस म्हंजे दहा महिने?"

नर्सबाई हसायला लागली. वाईट हसली नाही. रोज हेच ऐकत असावी. "अहो, चार आठवड्यांचा महिना फक्त तोंडानं म्हणायला. तीस दिवसांत चार आठवडे बसून वर दोन दिवस उरतातच ना? ते साठत जातात. आणि आम्ही मोजतो ते शेवटच्या पाळीपासून, दिवस राहिल्यापासून नाही. तेव्हा पहिले दोन आठवडे असेच फुकटचे. तुमच्या सुनेनं तर अगदी चोख सांगितलं होतं मला, कुठल्या सणानंतरचा कुठला बाजार ते. हुशार आहे हं मुलगी."

माझी मांडी ठणकत होती आणि मी आईकडे बघत होते. ती बाकावर बसली. डोक्यावरचा पदर खाली आला होता, तो तिनं सावरला नाही.

घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. वडील चिडले. आधी नर्सबाईवर, मग पुण्यावर, मग नव्या राज्यावर. "चाळीस भागिले चार दहा होतात. बाई काय दहा महिने पोटात ठेवती?"

"वर्षाचे बाजार किती?" आईनं विचारलं.

"बावन्न."

"आन् महिने बारा. बारा चोक किती?"

वडील पायजम्याची नाडी सावरायला लागले.

"सांगा की. बारा चोक किती?"

"अठ्ठेचाळीस," मी म्हणाले. पाढे मला येत होते.

वर्षाचे बावन्न आठवडे हे वडिलांना पाठ होतं. बारा चोक अठ्ठेचाळीस हेही पाठ होतं. पन्नास वर्षं ही दोन्ही वाक्यं त्यांच्या डोक्यात शेजारी शेजारी राहिली आणि त्यांनी एकमेकांना कधी विचारलं नाही की मधले चार कुठं गेले. ज्या माणसानं अर्ध्या तालुक्याची पोरं फसलीतून उचलून इसवीत ठेवली, त्याला हे दिसलं नव्हतं. त्यांनी बोटांवर परत मोजलं. अक्षय तृतीया ते दसरा. मग त्यात दोन आठवडे घातले, अठ्ठावीस भरले. मग हात मांडीवर ठेवून दिले.

"आन् धोंड्याचा बी धरायचा," आई म्हणाली. स्वतःलाच म्हणाली.

मला वाटलं, आता हे दोघं उठतील आणि सकाळच्या मोटारीनं जिंतूरला जातील. आईनं हिरवं लुगडं काढलंही. वडील म्हणाले, "आत्ता गेलो तर त्यांना कळंल."

"काय कळंल?"

"आपण काय समजलो होतो ते."

"त्यांना काय कळायचं राह्यलंय आता?"

"बोलून तर कुणी दाखवलं न्हाई ना. बारशाला जाऊ. रीतीनं जाऊ. तवर सगळं निवंल."

आईनं लुगडं परत पेटीत ठेवलं. भावाला काय कळवलं, कधी कळवलं, ते मला ठाऊक नाही. पण त्यालाही बारशालाच यायचं सुचलं. चूक कळल्यानंतरचा तो महिना-दीड महिना आमच्या घरात कुणी कुठलाच हिसाब केला नाही. म्हशीचासुद्धा नाही.

संक्रांतीला वहिनी बाळंत झाली. मुलगी. नर्सबाईच्या हिशेबाप्रमाणे, भावाच्या चार दिवसांप्रमाणे, पडवीतल्या त्या वेगळ्या पांघरुणाप्रमाणे. सगळ्या मापांनी बरोबर.

बाराव्या दिवशी आम्ही जिंतूरला गेलो. भाऊ परभणीला आम्हाला येऊन मिळाला. वहिनीच्या वडिलांनी आमचं जे स्वागत केलं तसं आजतागायत माझं कुणी केलेलं नाही. पाय धुवायला ऊन पाणी. वडिलांना लोड. शिरा. एकही शब्द वावगा नाही. "दमला असाल. प्रवास लय वाईट." वडिलांना तो शिरा गिळेना, हे मला दिसत होतं. भांडले असते तर वडील जिंकले असते. वाद घालण्यात ते पटाईत होते. शिऱ्याशी काय भांडणार?

बारसं झालं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव मी सांगितलं, आणि कुर्र म्हणताना पाठीत इतके धपाटे खाल्ले की जिंतूरच्या बायकांचा सगळा राग माझ्याच पाठीवर निघाला असं मला वाटलं. निघाला असेलही. बायका पांगल्यावर खोलीत वहिनी, आई, भाऊ आणि मी उरलो. वडील बाहेर लोडाला टेकून होते, दार उघडं होतं.

आई म्हणाली, "झालं गेलं विसरून जा बाई. मानसाचं चुकत असतंय. हिसाबात गोंधळ झाला."

"हं," वहिनी म्हणाली.

"मामंजी बी म्हणायलेत, सव्वा महिना झाला की घेऊन जाऊ."

वहिनीनं मुलीला दुसऱ्या मांडीवर घेतलं. ती आईवर रागावलेली दिसत नव्हती. बाहेरच्या वडिलांकडे तर तिनं बघितलंही नाही. ती भावाकडे वळली.

"मामंजींनी भागाकार केला. आत्याबाईंनी बोटं मोजली. दोघांचं चुकलं, ठीक हाय. त्यांना मोजल्याबिगर कळायची सोयच नव्हती." मग म्हणाली, "तुमाला कशाला मोजायला लागत होतं?"

भाऊ उभा होता. त्याच्या हातात बाळासाठी आणलेलं झबलं होतं, ते त्यानं कुठं ठेवावं हे त्याला कळेना.

"तुमी आला होता की न्हाई अखजीला?"

"आलो होतो."

"मग?"

बाहेर वडील खाकरले. ते मदतीचं होतं की आडकाठीचं, देव जाणे. भावानं झबल्याची घडी मोडली आणि परत घातली. वहिनीनं झबलं त्याच्या हातातून घेतलं, बघितलं आणि म्हणाली, "लहान हाय. हिला बसायचं न्हाई." आणि परत दिलं.

ती आमच्याबरोबर आली नाही. सव्वा महिन्यानंही आली नाही. भाऊ दोनदा जाऊन आला, दोन्हीदा त्याला शिरा मिळाला.

त्या दिवशी परतीच्या मोटारीत वडिलांच्या शेजारी एक अनोळखी शेतकरी बसला होता. वाटेतलं बोरी गाव यायच्या आत वडिलांनी त्याला सांगून टाकलं की नात झाली, कपाळ आपल्यावर गेलंय, नाक पोराचं. "अगदी वेळेवर झाली," ते म्हणाले, "दिवस पुरे भरून." आई खिडकीकडे तोंड करून बसली होती. ती मागं न वळता म्हणाली, "गप बसा आता." भाऊ परभणीला उतरला आणि स्टेशनच्या दिशेनं चालायला लागला. झबल्याचं पुडकं अजून त्याच्या काखेत होतं.

वहिनी दोन वर्षांनी आली. तिनं माफ केलं म्हणून आली, असं आमच्या घरात सांगतात. मीही कितीतरी वर्षं तसंच सांगत होते. ती आली कारण जिंतूरला तिच्या भावाचं लग्न झालं, भावजय आली, आणि माहेरच्या त्या घरात तिला बसायला कोपरा उरला नाही. तोवर माझ्या भावानं औरंगाबादला खोली घेतली होती. ती तिथं आली, मुलीला घेऊन. पुढं आणखी दोन मुलं झाली. संसार नीट केला. वडील शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा त्यांना तिनंच औरंगाबादला नेलं, त्यांचं सगळं केलं, पाठीला जखम होऊ दिली नाही. लोक म्हणायचे, सून असावी तर अशी. वडील रडायचे. ती त्यांची पाठ पुसत म्हणायची, "रडू नका मामंजी, श्वास लागतो."

भावाशी ती बोलायची. भाजी काय आणायची, पोराच्या शाळेत कुणी जायचं, नळाला पाणी कधी येतं. हे सगळं ती बोलायची. मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला जायचे तेव्हा बघायचे. भाऊ कचेरीतून आला की ती उठून पाणी द्यायची आणि त्याच्याकडे न बघता आत जायची. तो तांब्या हातात धरून थोडा वेळ तसाच बसायचा, जणू काही सांगायचं आहे. मग पाणी प्यायचा आणि तांब्या खाली ठेवायचा.